खपलीचा वाफा

आमच्या घरात दोन गहू होते. एक विकायचा, एक खायचा. विकायचा तो बन्सी आणि खायचा तो खपली. खायचा म्हणजे काही रोज नव्हे. रोजची भाकरी जोंधळ्याचीच. गहू चुलीवर चढायचा तो होळीच्या पोळीला, बेंदराच्या पोळीला, जत्रेतल्या खिरीला, नाहीतर एखादा पाहुणा अवेळी दारात उभा राहिला तर. दुखण्यातनं उठलेल्या माणसाला आजी खपलीच्या रव्याची पातळ लापशी द्यायची. त्यामुळं लहानपणी मला गहू म्हणजे एक तर सण वाटायचा, नाहीतर ताप.

आमचं रान कृष्णाकाठचं, विहिरीखालचं. मोटेच्या पाण्यावर दोन एकर बन्सी आणि पाटाच्या कडेला अर्धा एकर खपली. बन्सीचा दाणा टपोरा, पिवळसर, काचेसारखा. दाताखाली कटकन फुटायचा. सांगलीच्या पेठेत त्याला भाव होता. रवा काढावा तर बन्सीचा, शेवया कराव्यात तर बन्सीच्या. खपली पेठेला न्यायची सोय नव्हती, कारण ती मळली तरी दाणा सुटत नाही. दुसऱ्या गव्हावर खळ्यात बैल फिरले की भूस वेगळं, दाणा वेगळा. खपलीची ओंबी नुसती मोडते. तिचे तुकडे पडतात आणि एकेका तुकड्यात दोन-दोन दाणे टरफलात घट्ट बसलेले राहतात. काही गावांत तिला जोडगहू म्हणतात ते त्यामुळंच असावं.

तो दाणा बाहेर काढायचा म्हणजे कांडप. सणाच्या आधी दोन दिवस आई आणि चुलती खपलीवर पाण्याचा हबका मारून ती रात्रभर झाकून ठेवायच्या. पहाटे उखळाभोवती समोरासमोर उभ्या राहायच्या. एकीचं मुसळ वर, तर दुसरीचं खाली. आम्ही पोरं त्या आवाजानंच जागी व्हायचो. एकदा कांडून भागायचं नाही. कांडायचं, सुपात पाखडायचं, जे सुटलं नाही ते पुन्हा उखळात टाकायचं, मग उन्हात घालायचं आणि त्यानंतर जात्यावर दळायचं. दोन पायल्यांना अख्खी सकाळ जायची. पोळी आम्ही चवीनं खायचो. आईच्या तळहातावरचे फोड कुणी बघत नव्हतं. मीही नाही. मला ते दिसले ते पुढं, बऱ्याच वर्षांनी, तेव्हा त्यांचे घट्टे झालेले होते.

अण्णांना, म्हणजे माझ्या वडिलांना, खपली फारशी आवडायची नाही. अर्धा एकर गुंतून पडतो आणि पैका होत नाही, हे त्यांचं म्हणणं. पण आजीपुढं त्यांचं चालत नव्हतं. आजीचा हट्ट चवीपायी होता असं आम्हाला वाटायचं. तो तांबेऱ्यापायी होता.

तांबेऱ्याचं साल म्हणजे १९४६-४७. माझ्या जन्माच्या आधीची ही गोष्ट. आजीनं ती इतक्या वेळा सांगितली की मी ती डोळ्यांनी बघितली असं मला वाटतं. त्या हिवाळ्यात थंडी पडली नाही. दिवसच्या दिवस आभाळ भरून राहिलं, मधेच अवकाळी पाऊस झाला. बन्सी पोटऱ्यात होता तोवर हिरवागार होता. मग एक दिवस आजोबा सकाळी रानातनं आले.

"धोतर गुडघ्यापातूर तांबडं," आजी सांगायची. "म्या म्हटलं, पडलं का काय कुठं, लागलं का काय! झटकून बघितलं तर भुकटी. बोटाला कुकवागत लागत हुती."

पंधरा दिवसांत बन्सीच्या ताटांवर लांबट फोड उठले, ते फुटले, काडी काळवंडली. ओंब्या उभ्या होत्या, पण दाणा जिऱ्यासारखा. आजोबांनी त्या पिकाच्या भरवशावर सावकाराकडून रक्कम उचलून बैल घेतला होता. तो बैल शिमग्यानंतर विकावा लागला, तोही पडत्या भावात, कारण गावात सगळेच विकत होते. "स्वातंत्र्य आलं तवा दावणीला येकच बैल हुता," हे आजीचं वाक्य ठरलेलं. एका बैलावर मोट चालत नाही. पुढची दोन वर्षं आजोबांनी शेजाऱ्याशी वारंगुळा केला. एक दिवस त्याची मोट, एक दिवस आमची.

आणि पाटाकडेची खपली? तिची चार पानं तांबडी झाली. ओंबी भरली. त्या वर्षी घरात गहू म्हणून जे काही आलं ते त्या अर्ध्या एकरातलं. आजीच्या लेखी विषय तिथंच मिटला होता.

त्या वर्षी काळा तांबेरा आमच्याच रानावर आला होता असं नाही. मध्य भारतापासून दख्खनपर्यंत त्यानं गहू खाल्ला. तो काही नवाही नव्हता. ठगांचा बंदोबस्त करणारा विल्यम स्लीमन नर्मदाकाठी कामाला होता, त्यानं आपल्या १८४४ साली छापलेल्या पुस्तकात कोसच्या कोस पसरलेला गहू या रोगानं बसल्याचं लिहून ठेवलं आहे. नुकसान इतकं की कापणीचा खर्चही लोकांना परवडेना. लोक तेव्हा कारणं शोधत होते ती पापात. आमच्या आजीचं कारण निराळं होतं. तांबेरा ढगातनं उतरतो, असं ती म्हणायची. आम्ही शाळेत जाणारी पोरं तिला हसायचो.

आता त्या हसण्याची लाज वाटते. आग्रा कॉलेजात वनस्पतिशास्त्र शिकवणारे प्रा. करमचंद मेहता यांनी उभा जन्म या एका प्रश्नात घालवला. तांबेरा ही बुरशी. तिची भुकटी म्हणजे तिचे बीजाणू. हे बीजाणू मैदानातल्या एप्रिल-मेच्या उन्हात जिवंत राहत नाहीत. मग दर वर्षी हिवाळ्यात रोग येतो कुठून? युरोप-अमेरिकेत बार्बेरी नावाच्या काटेरी झुडपावर त्याचा एक मुक्काम असतो आणि तिथून तो गव्हावर उतरतो. मेहतांनी दाखवलं की आपल्याकडं त्या झुडपाचा हात नाही. आपल्याकडं रोग उन्हाळा काढतो तो डोंगरात. उत्तरेला हिमालयात आणि दक्षिणेला निलगिरी-पळणीच्या थंड पठारांवर, जिथं अवेळी गहू उभा असतो. तिथून तो वाऱ्यानं खाली येतो. मेहता १९५० साली गेले. पुढं सत्तरच्या दशकात एस. नागराजन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ती वाट आणखी स्पष्ट केली. बंगालच्या उपसागरातली नोव्हेंबरची वादळं निलगिरीवरचे बीजाणू उचलतात, शेकडो मैल उत्तरेला नेतात आणि पावसाबरोबर मध्य भारताच्या गव्हावर सोडतात. तांबेरा ढगातनं उतरतो ते असं. आजी तोवर राहिली नव्हती.

आपल्या मुलखातही या कामाला तोंड लागलं होतं. नाशिक जिल्ह्यात निफाडजवळ कुंदेवाडीला १९३२ साली गव्हाचं संशोधन केंद्र निघालं, ते मुख्यत्वे तांबेऱ्यासाठी. तिथल्या निफाड-४ या गव्हाचा केनियाच्या तांबेरा सोसणाऱ्या गव्हाशी संकर केला आणि त्यातून जे वाण निघाले त्यांना नाव दिलं केनफाड. केनियातलं केन, निफाडातलं फाड. हे नाव मला फार आवडतं. दोन गावच्या सोयरिकीत पोराला दोन्हीकडचं नाव द्यावं तसं. पण आमच्या गावापर्यंत केनफाड काही आला नाही. आमच्याकडं बन्सी होता, खपली होती, आणि आभाळ भरून आलं की अण्णांची झोप उडायची.

मग कल्याण सोना आला.

त्याची मोठी गोष्ट सगळ्यांना माहीत आहे, म्हणून मी थोडक्यात सांगतो. १९६५ आणि १९६६, लागोपाठ दोन सालं पाऊस गेला. रेशनच्या दुकानात अमेरिकेतून आलेला गहू आणि तांबडा मिलो. मिलोच्या भाकरीचा वास अजून नाकात आहे. नॉर्मन बोरलॉग यांनी मेक्सिकोत बुटका गहू तयार केला होता. त्याला बुटकेपण मिळालं होतं नोरिन-१० नावाच्या जपानी गव्हाकडून. उंच गव्हाला खत जास्त झालं की तो वाढतो आणि ओंबीच्या ओझ्यानं लोळतो. बुटका लोळत नाही, खाल्लेलं सगळं दाण्यात घालतो. बोरलॉग १९६३ साली आपल्याकडं आले. डॉ. स्वामिनाथन यांनी त्या गव्हाचा आग्रह धरला, अन्नमंत्री सी. सुब्रमण्यम् यांनी ती जोखीम घेतली. त्याच खात्यात आपल्या नगर जिल्ह्याचे अण्णासाहेब शिंदे मंत्री होते. १९६५ साली मेक्सिकोहून २५० टन बी आलं, पुढच्या वर्षी १८,००० टन. १९६४-६५ साली देशात १२३ लाख टनांच्या आसपास गहू झाला होता, तो १९६७-६८ ला १६५ लाख टनांपर्यंत गेला. १९६८ साली सरकारनं गव्हाच्या क्रांतीचं टपाल तिकीटही काढलं. मेक्सिकोच्या वाणांचा दाणा तांबूस होता, आपल्याला तो पटेना. म्हणून आलेल्या वाणांतून निवड करून पिवळसर दाण्याचे कल्याण सोना आणि सोनालिका पुढं आणले गेले.

गावात काय घडलं ते मात्र या आकड्यांत येत नाही. ग्रामसेवक भाऊसाहेब पिशवी घेऊन आले. अण्णांनी दोन एकरांतला एक द्यायचं कबूल केलं. पेरणी केली ती नेहमीसारखी, पाभर चांगली दाबून, ओलीला बी जाईल अशी. बन्सीला तेच लागायचं. दहा दिवस झाले, रानात ठिपके-ठिपके उगवलेले. अण्णांनी भाऊसाहेबांना दारातच गाठलं.

"भाऊसाहेब, तुमचं मेक्सिको मातीतच राहिलं की!"

भाऊसाहेबांनी खुरप्यानं उकरून दाखवलं. बी रुजलं होतं, कोंबही आला होता, पण तो वरपर्यंत पोचलाच नव्हता. या बुटक्या गव्हाचा कोंबही बुटका असतो. दोन इंचापेक्षा खोल गेलं की तो मातीतच गुदमरतो. हे आधी सांगायला हवं होतं, असं अण्णा म्हणाले. सांगितलं होतं, असं भाऊसाहेब म्हणाले. दोघंही खरं बोलत असावेत. वाकुऱ्या मोडून पुन्हा पेरलं, या वेळी वरवर. मग एकविसाव्या दिवशी पाणी चुकवायचं नाही, हा भाऊसाहेबांचा दुसरा धोशा. त्या सुमाराला गव्हाला जमिनीच्या अगदी वरच्या थरात नवी मुळं फुटतात. तेव्हा ताण बसला तर फुटवे कमी होतात. मी तेव्हा हायस्कुलात होतो. भिंतीवर कोळशानं एकवीस रेघा ओढायचं काम माझ्याकडं होतं.

बन्सी एकरी चार-पाच पोती द्यायचा. कल्याण सोनाची तेरा झाली. अण्णा खळ्यात पोत्यांकडं बघत नुसते बसून राहिले. दुसऱ्या वर्षी बन्सी रानातनं गेला.

"काड कुठाय ह्याला?" आजीनं नाक मुरडलं. "आन पोळी बघ, रबरागत." पण बोलणं तेवढंच. पोती तिलाही मोजता येत होती. आणि आई? आई काही बोलली नाही. कल्याण सोनाचं पहिलं पोतं गिरणीतनं दळून आलं त्या दिवशी तिनं पिठात हात घालून बघितलं आणि हसली, एवढं मला आठवतं. कांडायचं नाही, पाखडायचं नाही, जात्यावर बसायचं नाही. क्रांती-बिंती शब्द तिला माहीत नव्हते.

खपली आता वाफ्यावर आली. अर्ध्या एकराचे दोन वाफे उरले, तेही आजीच्या नावानं.

मी शिकायला पुण्याच्या कृषी महाविद्यालयात गेलो. १९७२ चं साल. एका सकाळी रोगशास्त्राच्या तासाला सरांनी फळ्यावर बारा नावं लिहिली. ते म्हणाले, तांबेरा एक नसतो. दिसायला सारखाच, पण एक जात एका गव्हावर पडते, दुसरी दुसऱ्यावर. दोन जातींतला फरक सूक्ष्मदर्शकातही कळत नाही. तो कळतो गव्हाच्या रोपावर. अमेरिकेतल्या मिनेसोटा विद्यापीठात स्टॅकमन आणि लेव्हाइन यांनी १९२२ साली बारा गव्हांचा एक संच ठरवून दिला. कुठलाही तांबेरा आणा, या बारा रोपांवर टाका, कुठल्या रोपावर पडला आणि कुठल्या नाही ते बघा, की त्याची जात कळते. जगभर तोच संच वापरतात. आणि सर वाचू लागले: लिटल क्लब, मार्क्विस, रिलायन्स, कोटा, अर्नाउत्का, मिंडम, स्पेलमार, कुबांका, अ‍ॅक्मी, आइनकॉर्न, व्हर्नल, खपली.

मी शेजारच्याला विचारलं, शेवटचं काय म्हणाले? तो म्हणाला, खपली. मी तास संपल्यावर सरांकडं गेलो. "सर, ही खपली म्हणजे आमची जोडगव्हाची खपली?" सर म्हणाले, "तुमची म्हणजे?" मी सांगितलं, आमच्या पाटाकडेला दोन वाफे असतात. सर जरा वेळ माझ्याकडं बघत राहिले आणि म्हणाले, "मग तुला माहीत असेल ना, ती त्या यादीत का आहे ते. त्या बारांत बहुतेक तांबेऱ्यांना पुरून उरणारी ती आहे."

पुढं मी याच्या मागं लागून बरंच वाचलं. ऑस्ट्रेलियात सिडनीच्या वॉटरहाउस यांनी खपलीचा तिथल्या स्टाइनवेडेल गव्हाशी संकर केला आणि त्यातून निघालेल्या गव्हाला खपस्टाइन म्हटलं. केनफाडसारखंच. खपलीच्या अंगातला तांबेरा सोसण्याचा गुण दुसऱ्या गव्हात नेणं सोपं नाही. खपली आणि बन्सी यांच्या पेशीत २८ गुणसूत्रं, पोळीच्या साध्या गव्हाच्या पेशीत ४२. जात जुळत नाही, बहुतेक संकर वांझ निघतात. तरी लोकांनी ते केलं. खपलीतून ओळखलेल्या दोन जनुकांना एसआर-१३ आणि एसआर-१४ अशी नावं आहेत. आणि गंमत बघा, हा संच ठरवणारे स्टॅकमन म्हणजे बोरलॉग यांचे गुरू. स्टॅकमन यांचं तांबेऱ्यावरचं भाषण ऐकून बोरलॉग रोगशास्त्राकडं वळले, आणि मेक्सिकोत त्यांनी पहिल्यांदा हात घातला तोही तांबेऱ्यालाच. बुटका गहू नंतरचा. म्हणजे ज्या कल्याण सोनानं आमच्या रानातनं खपली बाहेर काढली, त्याच्या घराण्यात खपलीला ओळखणारी माणसं होती.

दिवाळीला घरी गेलो आणि आजीला सगळं सांगितलं. अमेरिकेत तुझी खपली लावतात, म्हटलं. ती माळवदाच्या सावलीत पाय पसरून बसली होती.

"तिकडं कांडतं कोण?" तिनं विचारलं.

मी म्हटलं, कुणी कांडत नाही, ते खात नाहीत. कुंडीत लावतात, रोप बोटभर झालं की त्यावर तांबेरा टाकतात आणि बघतात.

"खाईत न्हाईत? मग लावत्यात कशाला?"

आई चुलीपुढनं म्हणाली, "बरं हाय की त्यांचं."

त्या दिवाळीत विहिरीचा तळ दिसत होता. पाऊस झालाच नव्हता. गव्हाची पेरणी झाली नाही, ना कल्याण सोनाची, ना खपलीची. पुढच्या उन्हाळ्यात गाव दुष्काळी कामावर खडी फोडत होतं. अण्णा आणि चुलते रस्त्याच्या कामावर, आई पण. मी पुण्यात मेसचं जेवत होतो. आजीनं खपलीचं बी एका मडक्यात, राख आणि कडूनिंबाचा पाला घालून, तोंड शेणानं लिंपून ठेवलेलं असायचं. वैशाखात एके दिवशी तिनं ते मडकं स्वतः फोडलं. दोन पायल्यांच्या आतबाहेर खपली होती. आईनं ती कांडली. दिवसभर खडी फोडून आलेल्या हातांनी, रात्री.

हे मला जूनमध्ये कळलं. मी काय बोलणार? घरात खाणारी नऊ माणसं होती. पण एक गोष्ट अजून सलते. मला त्या नावाची किंमत फळ्यावर कळली होती. दिवाळीहून परत जाताना मूठभर दाणे खिशात टाकून न्यावेत, सरांना द्यावेत, कुठल्या तरी कपाटात पुडी बांधून ठेवावी, हे शेतीशास्त्राच्या विद्यार्थ्याला सुचू नये? गावोगावची खपली एकच नसते. आमच्या पाटाकडेची, सत्तेचाळीस साल काढलेली, ती तिथं संपली. पाऊस पडला, विहीर भरली, सोनालिकाचं बी तालुक्याहून आलं. मुसळं माळ्यावर गेली. आजी त्यानंतर एक वर्षानं गेली.

मी पुढं शेतीखात्यात चिकटलो आणि तीस वर्षं नव्या वाणांच्या पिशव्या वाटल्या. मला त्याचा पस्तावा नाही. तांबेरा काही हरलेला नव्हता. सत्तरच्या दशकाच्या सुरवातीलाच उत्तरेत कल्याण सोनावर पानावरचा तांबेरा जोरात आला, आणि ज्याला तारणहार म्हटलं त्याच्या जागी दुसरे वाण शोधायची वेळ आली. आपल्याकडं एचडी-२१८९ आला, निफाडचे त्र्यंबक, तपोवन आले, पुण्याच्या आघारकर संस्थेचे एमएसीएस नावाचे आले. शहरातली माणसं दुकानात 'लोकवन' मागतात ना, त्यांना वाटतं हा कुठल्या वनातला गहू आहे. तो लोक-वन, म्हणजे लोक नंबर एक. सौराष्ट्रात सणोसऱ्याला लोकभारती म्हणून नानाभाई भट्टांनी काढलेली ग्रामीण शिक्षणाची संस्था आहे, तिथं तो तयार झाला. हे सांगितलं की आमच्या पुण्याच्या सूनबाई दर वेळी नव्यानं हसतात.

१९९८-९९ च्या सुमारास युगांडात काळ्या तांबेऱ्याची नवी जात सापडली, यूजी-९९. जगातले पुष्कळ गहू तिच्यापुढं टिकत नाहीत असं कळल्यावर मोठी धावपळ झाली. टिकणारी जी थोडी जनुकं मिळाली त्यांत खपलीतलं एसआर-१३ आहे. हे मी वाचलं त्या रात्री मला झोप लागली नाही, आणि कारण आनंदाचंच होतं असं मी म्हणणार नाही.

आता खपलीला पुन्हा दिवस आले आहेत. शहरात पिशव्यांतून विकतात, साध्या गव्हाच्या कितीतरी पट भावानं. पिशवीवर काय काय लिहिलेलं असतं! साखर कमी होते, वजन उतरतं, आणि सगळ्यात कहर म्हणजे 'ग्लुटेन नाही'. आहे. खपली गहूच आहे आणि तिच्यात ग्लुटेन आहे. त्याचा जोर कमी, म्हणून पोळी तशी लवचीक होत नाही, एवढंच. ज्याला गव्हाचा खरोखर त्रास आहे अशा माणसानं ती पिशवी बघून खपली खाऊ नये. चव चांगली आहे, खीर तर तिचीच करावी, पण औषध म्हणून विकणाऱ्याचा मला राग येतो. आणि पिशवीवर आजीबाईंचं चित्र असतं, ऐटीत जातं ओढणाऱ्या. उखळ कुणीच काढत नाही.

निवृत्तीनंतर मी दोन गुंठे खपली लावली. बी मिळवलं ते धारवाडच्या विद्यापीठाच्या डीडीके वाणाचं. हीसुद्धा आता बुटकीच. शास्त्रज्ञांनी तिलाही लोळायचं थांबवलं आहे. आमची कंबरेच्या वर जायची. पहिल्या वर्षी मी रोज सकाळी पानं उलटी करून बोट फिरवायचो. बोटाला काही लागलं नाही. शेजारचा विचारायचा, "काका, काय शोधताय?"

मळणी झाली तशी मी माळ्यावरून मुसळ काढायला शिडी लावली. आमच्या सौभाग्यवती खालून म्हणाल्या, "काढा. पण कांडायला तुम्हीच बसायचं." मी शिडी ठेवून दिली. तालुक्याला टरफल काढायचं यंत्र आहे, तिथं पोतं नेलं. पाऊण तासात काम झालं. मी तेवढ्या वेळात चहा प्यालो आणि पेपर वाचला.

आई तेव्हा ब्याऐंशी वर्षांची होती. डोळ्यांना कमी दिसायचं. तिला वाटीत खीर दिली, गुळाची, वर थोडं खोबरं. तिनं एक चमचा तोंडात घातला आणि थांबली. चव ओळखली होती.

"कांडली कुणी?" तिनं विचारलं.

"यंत्रानं काढली, आई. तालुक्याला."

"कुणी कांडली न्हाई?"

"नाही."

तिनं वाटी संपवली, आणि पुढं केली. "मग आणि घाल थोडी," म्हणाली.